राजधानीच्या पोटातलं गाव

१७ जून १९७२, शनिवार. वॉशिंग्टन शहरात पोटोमॅक नदीकाठी 'वॉटरगेट' नावाचं एक आलिशान संकुल आहे. तिथल्या एका कार्यालयात पहाटे चोर शिरले होते आणि पाच जण जागच्या जागी पकडले गेले होते. दिवस वर येईतो बोभाटा झाला. पोलिसांनी इमारतीला कडं केलं आणि कड्याबाहेर बातमीदार ताटकळत उभे राहिले. तेवढ्यात हंगामी पोलीसप्रमुख आले. त्यांच्याबरोबर आणखी एक गृहस्थ होते, तेही सहज आत गेले. त्यांना कोणी हटकलं नाही.

ते गृहस्थ पोलीस नव्हते. आल्फ्रेड लुईस त्यांचं नाव, 'वॉशिंग्टन पोस्ट'चे क्राइम रिपोर्टर. गेली ३५ वर्षं पोलिसांतच ऊठबस असलेले. अंगात बरेचदा पोलिसी निळा स्वेटर असायचा. बातमी स्वतः लिहिणं हा त्यांचा प्रांत नव्हता. पाहिलं-ऐकलं ते फोनवरून कचेरीत सांगायचं, लिहिणारे तिथे बसलेले असत. त्या दिवशी लुईस आतच राहिले आणि एकेक तपशील कचेरीत पोचवत राहिले. चोरांच्या हातात शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे होते. त्यांच्याकडे कॅमेरे होते, रिळं होती. आणि २,३०० डॉलर रोख होते, त्यातल्या बहुतेक शंभराच्या नोटा, अनुक्रमांकानं लागलेल्या. घरफोड्या करणाऱ्यांच्या खिशात अशा नोटा नसतात, हे ३५ वर्षं चोर पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

रविवारी 'पोस्ट'च्या पहिल्या पानावर लुईसच्या नावानं बातमी आली. शेवटी बारीक टाइपात, बातमीला हातभार लावणाऱ्या आठ जणांची नावं होती. त्यांतली दोन म्हणजे बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन.

पुढची कथा जगाला पाठ आहे. चोरीचे धागे थेट व्हाइट हाउसपर्यंत पोचले आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी रिचर्ड निक्सन यांना राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलं. मराठी वर्तमानपत्रंही तेव्हापासून कुठल्याही भानगडीला 'गेट'चं शेपूट लावतात. पण या कथेतली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ही बातमी 'पोस्ट'च्या राजकीय बातमीदारांना मिळालेली नव्हती. ती शहर विभागाची होती. वुडवर्ड 'पोस्ट'मध्ये येऊन जेमतेम नऊ महिने झाले होते आणि अस्वच्छ स्वयंपाकघरांच्या हॉटेलांवर ते लिहीत होते. बर्नस्टीन शेजारच्या व्हर्जिनियातल्या बातम्या बघत. बातमी फुगू लागली तशी राष्ट्रीय विभागानं ती आपल्याकडे मागितली. शहर विभागाचे हॅरी रोझेनफेल्ड आणि बॅरी ससमन यांनी ती सोडली नाही.

मुळात चोरी पकडली कोणी, तर फ्रँक विल्स या २४ वर्षांच्या रात्रपाळीच्या रखवालदारानं. तळघरातल्या वाहनतळाच्या दाराला, खटका बसू नये म्हणून, चिकटपट्टी लावलेली त्याला दिसली. कोणा कामगारानं लावली असेल म्हणून त्यानं ती काढून टाकली. पुढच्या फेरीला बघतो तर पट्टी पुन्हा लागलेली. तेव्हा त्यानं पोलिसांना फोन केला. एकदाच येऊन गेलेल्याला त्या पट्टीत काहीच वावगं दिसलं नसतं. मघाशी काढलेली पट्टी परत आली आहे, हे ज्याची फेरी रोजची आहे त्यालाच कळतं.

शहराच्या वर्तमानपत्राचं काम हेच असतं, फेरी मारायची आणि काल नव्हतं ते आज का आहे हे विचारायचं. देशाची राजधानी असलेल्या शहरात तर हे काम जास्तच अवघड, कारण तिथे सगळ्यांच्या नजरा वर, संसदेच्या घुमटाकडे लागलेल्या असतात. खाली एक गाव नांदतं आहे याचा विसर पडतो. वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांचा दोनएकशे वर्षांचा इतिहास म्हणजे या गावाकडे बघण्याचा आणि न बघण्याचा इतिहास आहे.

प्रतिनिधी नसलेली राजधानी

हे गाव जरा चमत्कारिकच आहे. क्षेत्रफळ ६८ चौरस मैल. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ६ लाख ८९ हजार, म्हणजे वायोमिंग या आख्ख्या राज्यापेक्षा जास्त. पण वायोमिंगचे दोन सिनेटर आहेत आणि वॉशिंग्टनचा एकही नाही. कनिष्ठ सभागृहात एक प्रतिनिधी बसतो, त्याला अंतिम मतदानात मत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत इथल्या नागरिकांनी पहिल्यांदा मत दिलं ते १९६४ साली. १८७४ नंतर जवळजवळ शंभर वर्षं इथे निवडून आलेला महापौर नव्हता, निवडून आलेली नगरपरिषदही नव्हती. बहुतेक काळ राष्ट्राध्यक्षानं नेमलेले तीन आयुक्त कारभार हाकत. १९७३ च्या कायद्यानं महापौर आणि परिषद निवडण्याचा हक्क मिळाला, तोही आवळत-आवळत. शहरानं केलेला कायदा आजही संसद रद्द करू शकते. 'प्रतिनिधित्वाविना करआकारणी' ही ब्रिटिशांविरुद्धची जुनी तक्रार वॉशिंग्टनकर २००० सालापासून आपल्या मोटारींच्या नंबरपाटीवर मिरवतात.

जिथे नगरसेवक नाही तिथे तक्रार घेऊन जायचं कोणाकडे? रस्त्यात खड्डा पडला, शाळेचं छत गळतंय, ट्रॅम वेळेवर येत नाही, तर वर्तमानपत्राकडे. म्हणून या शहरात वर्तमानपत्राला नगरसेवकाचं कामही करावं लागलं.

हे काम सर्वांत जास्त काळ केलं 'इव्हिनिंग स्टार'नं. १६ डिसेंबर १८५२ रोजी हे सायंदैनिक सुरू झालं. १८६७ मध्ये ते नॉइज, कॉफमन आणि अ‍ॅडम्स या तीन कुटुंबांच्या हातात आलं आणि पुढे शंभरावर वर्षं त्यांच्याच घरात राहिलं. सायंदैनिकाची वेळ या शहराला नेमकी जुळणारी होती. वॉशिंग्टन हे कारकुनांचं शहर. दुपार कलली की सरकारी कचेऱ्या सुटत. घरी जाताना ट्रॅममध्ये हातात 'स्टार', नाहीतर घरी पोचेपर्यंत पोऱ्यानं दारात टाकलेला. त्यात खात्यांतल्या बढत्या आणि बदल्या, चर्चमधले कार्यक्रम, लग्नं, मयत्या, घरं भाड्यानं देणे-घेणे, दुकानांचे सेल. थिओडोर नॉइज हे संपादक तर आयुष्यभर एकाच मागणीचा पाठपुरावा करत राहिले, वॉशिंग्टनकरांना संसदेत मताचा हक्क असलेला प्रतिनिधी हवा. ती मागणी आजही पुरी झालेली नाही.

व्हाइट हाउसचे वार्ताहर म्हणून जी जमात आज टीव्हीवर दिसते, तिचं मूळही या गावकी पत्रकारितेत सापडतं. १८९० च्या दशकात विल्यम प्राइस नावाचे लठ्ठ गृहस्थ नोकरी मागत 'स्टार'मध्ये आले. त्याआधी ते दक्षिण कॅरोलायनात एका साप्ताहिकात होते. तिथली त्यांची पद्धत अशी सांगतात, की गाडी स्टेशनात आली की फलाटावर जायचं आणि उतरणाऱ्याला गाठून विचारायचं, कुठून आलात, काय विशेष? 'स्टार'नं त्यांना परीक्षा म्हणून व्हाइट हाउसवर पाठवलं. प्राइसनी आपली स्टेशनची युक्ती इथे लावली. दाराबाहेर उभं राहायचं आणि राष्ट्राध्यक्षांना भेटून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, काय बोलणं झालं? त्यातून 'अ‍ॅट द व्हाइट हाउस' हे सदर उभं राहिलं. बघता बघता इतर वर्तमानपत्रांची माणसंही त्याच दाराशी येऊन उभी राहिली. १९०२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी नवी वेस्ट विंग बांधली तेव्हा बातमीदारांना बसायला एक खोली दिली. खेड्यातल्या फलाटावरची सवय अशी राजवाड्याच्या आत जाऊन बसली.

सकाळचा आणि संध्याकाळचा

'स्टार'चा प्रतिस्पर्धी 'वॉशिंग्टन पोस्ट' ६ डिसेंबर १८७७ रोजी निघाला. आज जगभर ओळखलं जाणारं हे नाव सुरुवातीला गावातल्या पाच-सहा नावांपैकी एक होतं. १८८९ मध्ये 'पोस्ट'नं शाळकरी मुलांची निबंधस्पर्धा घेतली. बक्षीस समारंभासाठी मरीन बँडचे प्रमुख जॉन फिलिप सूझा यांच्याकडून एक धून करून घेतली. 'द वॉशिंग्टन पोस्ट' हे तिचं नाव. ती धून जगभर गाजली, नाचघरांत वाजली, आजही बँडवाले वाजवतात. आणि वर्तमानपत्र? १९३३ मध्ये ते दिवाळखोरीत निघालं आणि कचेरीच्या पायऱ्यांवर त्याचा लिलाव झाला. ८ लाख २५ हजार डॉलरना ते यूजीन मेयर यांनी घेतलं. १९५४ साली मेयर कुटुंबानं 'टाइम्स-हेरल्ड' हा सकाळचा स्पर्धकही विकत घेतला. सकाळचं मैदान 'पोस्ट'कडे एकहाती आलं आणि खप जवळजवळ दुप्पट झाला.

संध्याकाळचं मैदान मात्र आटत चाललं होतं, आणि त्यात 'स्टार'च्या पत्रकारांचा दोष थोडा होता. मध्यमवर्ग मेरिलँड आणि व्हर्जिनियातल्या उपनगरांत राहायला गेला. ट्रॅमऐवजी मोटार आली, आणि मोटार चालवताना पेपर वाचता येत नाही. दुपारी छापलेले गठ्ठे घेऊन निघालेले ट्रक संध्याकाळच्या वाहतुकीत अडकत. घरी पोचलेला माणूस टीव्ही लावी, आणि टीव्हीवरची बातमी दुपारी छापलेल्या पेपरपेक्षा ताजी असे. १९७२ मध्ये 'स्टार'नं 'डेली न्यूज' हे दुसरं सायंदैनिक विकत घेतलं, तरी गाडं रुळावर आलं नाही. १९७८ मध्ये टाइम कंपनीनं 'स्टार' घेतला आणि ७ ऑगस्ट १९८१ रोजी बंद केला. १२८ वर्षांचा पेपर. बर्नस्टीन सोळाव्या वर्षी याच 'स्टार'मध्ये कॉपीबॉय म्हणून लागले होते, कागद इकडून तिकडे पोचवायला. त्याची इमारत आणि छपाईयंत्रं 'पोस्ट'नं घेतली. कात्रणांचा आणि छायाचित्रांचा संग्रह शहराच्या मार्टिन ल्यूथर किंग ग्रंथालयाकडे गेला.

न दिसणारी वस्ती

आतापर्यंत ज्या गावाबद्दल बोललो ते अर्धंच गाव. १९५० च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांची बहुसंख्या झाली. १९७० मध्ये दर दहा जणांत सात कृष्णवर्णीय होते. पण त्यांची लग्नं, त्यांच्या शाळा, त्यांची दुकानं मोठ्या पेपरांत क्वचितच दिसत. त्यांचं नाव छापून येई ते बहुधा गुन्ह्याच्या रकान्यात.

म्हणून त्यांनी आपले पेपर काढले. गुलामगिरीतून सुटून मोठे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस १८७० च्या दशकाच्या आरंभी इथे 'न्यू नॅशनल इरा' चालवत होते. १८८२ पासून पुढे चाळीस वर्षं 'वॉशिंग्टन बी' निघत होता. बी म्हणजे मधमाशी, आणि संपादक कॅल्विन चेस ती डंखासाठीच पाळत. बाल्टिमोरच्या 'आफ्रो-अमेरिकन'ची वॉशिंग्टन आवृत्ती आली. १९६४ मध्ये कॅल्विन रोलार्क यांनी 'वॉशिंग्टन इन्फॉर्मर' सुरू केला, आमच्या चांगल्या बातम्याही छापून आल्या पाहिजेत या आग्रहानं. हे साप्ताहिक पुढे त्यांच्या मुलीनं चालवलं आणि ते आजही निघतं.

'पोस्ट'नं पहिला पूर्णवेळ कृष्णवर्णीय बातमीदार घेतला १९५२ मध्ये, सिमिअन बुकर. ते दीडेक वर्षांत सोडून गेले. १९६१ मध्ये डोरोथी गिलियम आल्या, 'पोस्ट'मधल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री बातमीदार. त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे की घटनास्थळी जायला टॅक्सीला हात केला तर टॅक्सी थांबत नसे. बातमी द्यायची तर वेळेत पोचलं पाहिजे, आणि वेळेत पोचायला टॅक्सीवाल्यानं तुम्हाला गिऱ्हाईक मानलं पाहिजे.

वॉटरगेटच्या तीनच महिने आधी, मार्च १९७२ मध्ये, याच शहर विभागातल्या सात कृष्णवर्णीय बातमीदारांनी 'पोस्ट'विरुद्ध भेदभावाची सरकारी तक्रार दाखल केली. 'मेट्रो सेव्हन' या नावानं ते ओळखले जातात. बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या शहराची बातमी ठरवणाऱ्या खुर्च्यांवर कृष्णवर्णीय का नाहीत, हा त्यांचा सवाल होता. त्या सातांपैकी लिऑन डॅश यांनी पुढे एका गरीब वॉशिंग्टनकर बाईच्या तीन पिढ्यांची कहाणी, वर्षानुवर्षं तिच्या घरी जाऊन-येऊन, लिहिली. १९९५ मध्ये त्या कहाणीला पुलित्झर मिळालं. वॉटरगेटच्या वर्षात एकाच खोलीत दोन गोष्टी चालू होत्या. एकीकडे शहर विभाग राष्ट्राध्यक्षाचं बिंग फोडत होता आणि दुसरीकडे त्याच विभागातले लोक मालकाला सांगत होते की आपलं शहर आपल्यालाच नीट दिसत नाही.

मोठ्या पेपरांत न दिसणाऱ्यांचा असाच आणखी एक पेपर ऑक्टोबर १९६९ मध्ये निघाला, एका पानाचा, सायक्लोस्टाइल केलेला, समलिंगी मंडळी जमत त्या बारमध्ये हातोहात वाटला जाणारा. आजचा 'वॉशिंग्टन ब्लेड' तो हाच. या शहरात त्याची गरज जरा जास्तच होती. सरकार हाच इथला मोठा मालक, आणि समलिंगी असल्याच्या संशयावरून सरकारी नोकरी जात असे. २००९ मध्ये मालक कंपनी बुडाली आणि 'ब्लेड'ला टाळं लागलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी काही दिवसांतच वेगळ्या नावानं पेपर काढला आणि पुढच्या वर्षी जुनं नाव परत मिळवलं.

गल्लीचे पेपर

शहराच्या पेपराखाली आणखी एक थर असतो, गल्लीच्या पेपरांचा. १९५४ पासूनचा 'जॉर्जटाउनर', १९६८ पासूनचा ड्यूपाँट सर्कल भागातला 'इनटाउनर', १९७६ पासूनचा कॅपिटॉल हिल वस्तीचा 'हिल रॅग', वायव्येकडच्या वस्त्यांचा, पुढे बंद पडलेला 'नॉर्थवेस्ट करंट'. असे पेपर फुकट मिळतात. दुकानाच्या दाराशी गठ्ठा ठेवलेला असतो, जाता-येता उचलायचा. खर्च चालतो तो घरांच्या दलालांच्या, दातांच्या डॉक्टरांच्या आणि हॉटेलांच्या जाहिरातींवर.

त्यात काय असतं ते कळायला वॉशिंग्टनचा एक खास प्रकार समजून घ्यावा लागेल. १९७३ च्या कायद्यानं महापौर दिला, तसंच वस्ती-पातळीवर एक सल्लागार आयोगही दिला. साधारण दोन हजार रहिवाशांमागे एक आयुक्त निवडून येतो. त्याला पगार नाही, सत्ताही नाही. पण बारला दारूचा परवाना द्यायचा की नाही, जुन्या घरावर मजला चढवू द्यायचा की नाही, पार्किंग कोणाला कुठे, यावर आयोगानं ठराव केला तर सरकारी खात्याला त्याला 'मोठं वजन' द्यावं लागतं, तसं कायद्यातच लिहिलेलं आहे. सल्ला मानायचा नसेल तर का नाही, हे लेखी सांगावं लागतं.

या आयोगाच्या सभा संध्याकाळी शाळेच्या किंवा चर्चच्या सभागृहात भरतात. सोसायटीची वार्षिक सभा ज्यांनी बसून पाहिली आहे त्यांना त्यांचं वेगळं वर्णन नको. एक बाई कुत्र्यांसाठी मैदान मागतात, दुसरे गृहस्थ त्याच मैदानावर मुलं खेळतात म्हणून उठतात, तिसऱ्याला विद्यापीठाच्या पोरांचा रात्रीचा दंगा बंद हवा असतो. तासाभरानं मतदान होतं. कोणत्याही राष्ट्रीय वर्तमानपत्राला यात बातमी दिसणार नाही. पण त्या गल्लीत घर असलेल्यासाठी त्या दिवशी जगात याहून मोठं काही घडलेलं नसतं. गल्लीचा पेपर या सभेला माणूस बसवतो आणि कोण काय म्हणालं ते नावानिशी छापतो. त्यामुळे पुढच्या सभेत आयुक्त जरा सांभाळून बोलतो.

या दोन थरांच्या मधोमध १९८१ मध्ये 'वॉशिंग्टन सिटी पेपर' आला. फुकट साप्ताहिक, जरा टवाळ, जरा बेफिकीर. नगरपरिषदेतल्या कुजबुजीवरचं त्याचं 'लूज लिप्स' हे सदर राजकारणी आधी वाचत आणि मग शिव्या घालत. या पेपरानं घडवलेली माणसं मात्र मोठी झाली. पुढे नावाजलेले लेखक ता-नेहिसी कोट्स इथे शिकाऊ होते. कॅथरिन बू इथेच लिहित्या झाल्या.

बूंचं नाव मराठी वाचकाला परकं नाही. मुंबई विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या अण्णावाडी झोपडपट्टीवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक २०१२ मध्ये आलं आणि त्याला अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. त्यासाठी त्या काही वर्षं अण्णावाडीत जात-येत राहिल्या आणि माहिती अधिकारात अर्ज करकरून पोलीस, रुग्णालयं, शवागारं यांची तीन हजारांहून जास्त सरकारी कागदपत्रं त्यांनी मिळवली. ही पद्धत त्यांनी मुंबईत येऊन शोधलेली नव्हती. वॉशिंग्टनमध्ये मतिमंद व्यक्तींना शहराच्या खर्चानं खासगी घरांत ठेवलं जाई. 'पोस्ट'मध्ये असताना १९९९ साली बूंनी त्या घरांतली हेळसांड, मारहाण आणि चौकशीविना पुरले गेलेले मृत्यू उजेडात आणले. शहराला ते कबूल करावं लागलं आणि २००० सालचं लोकसेवेसाठीचं पुलित्झर 'पोस्ट'ला त्या कामासाठी मिळालं. आधी वस्तीत बसायचं, मग कागद मागायचा, मग दोन्ही ताडून पाहायचं. वॉशिंग्टनच्या गल्लीत घोटलेली ही रीत पुढे अण्णावाडीत कामी आली.

नळाचं पाणी

३१ जानेवारी २००४ रोजी 'पोस्ट'च्या डेव्हिड नाकामुरा यांची एक बातमी आली. पाणीपुरवठा खात्यानं आदल्या वर्षी शहरातल्या सहा हजारांवर घरांचं पाणी तपासलं होतं. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश घरांत शिशाचं प्रमाण सरकारी मर्यादेपेक्षा जास्त निघालं. मर्यादा अब्जात १५ भागांची. शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं, आणि ही गोष्ट बहुतेक शहरवासीयांच्या कानावर गेलेली नव्हती.

कारण शोधता-शोधता रसायनशास्त्रात जाऊन पोचलं. पाणी निर्जंतुक करायला पूर्वी क्लोरीन वापरत. नोव्हेंबर २००० मध्ये त्याऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात झाली, कारण क्लोरीनपासून तयार होणाऱ्या काही अपायकारक संयुगांचं प्रमाण त्यानं घटतं. हेतू चांगला होता. पण शहरात जमिनीखाली जुन्या शिशाच्या नळजोडण्या होत्या. क्लोरीनमुळे त्यांच्या आतून शिशाच्याच ऑक्साइडचा एक कठीण थर धरला होता आणि तो थर खालचं शिसं पाण्यात येऊ देत नव्हता. क्लोरामाइननं तो थर टिकेना, आणि शिसं विरघळून पाण्यात येऊ लागलं. ऑगस्ट २००४ मध्ये पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घालायला सुरुवात झाली, म्हणजे नळांच्या आत नवा थर धरेल. या प्रकरणाचा पाठपुरावा करणारे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स पुढे मिशिगनमधल्या फ्लिंट शहराच्या विषारी पाण्याच्या लढ्यात दिसले, ते इथल्याच अनुभवाची शिदोरी घेऊन.

शहराचं पाणी लष्कराच्या अभियंत्यांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतून येतं. तेच पाणी संसदेच्या इमारतीला आणि व्हाइट हाउसलाही जातं. त्या दोन इमारतींत आणि आसपास जगभरच्या वर्तमानपत्रांचे बातमीदार ठाण मांडून होते आणि तेच पाणी पीत होते. बातमी मात्र शहराच्या खात्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसानं दिली.

फेरी कोण मारणार?

अशी फेरी मारणाऱ्या माणसाचा पगार कुठून येत होता? बातमी विकून तो कधीच भागला नाही. तो येत होता वुडवर्ड अँड लोथ्रॉप आणि हेक्ट्स या बड्या दुकानांच्या पानभर जाहिरातींतून, आणि 'खोली भाड्यानं', 'मोटार विकणे', 'नोकर पाहिजे' या ओळी-दोन ओळींच्या छोट्या जाहिरातींतून. गादीच्या सेलची जाहिरात नगरपरिषदेच्या बातमीला पोसत होती. मग दुकानं एकामागून एक मिटली किंवा बाहेरच्या कंपन्यांत विलीन झाली, आणि छोट्या जाहिराती इंटरनेटवर फुकट जाऊ लागल्या.

२०१३ मध्ये जेफ बेझोस यांनी २५ कोटी डॉलरना 'पोस्ट' घेतला. पेपर देशभर आणि जगभर वाचला जाऊ लागला. पण जगभरच्या वाचकाला वॉशिंग्टनच्या दारूच्या परवान्यात रस असण्याचं कारण नाही. तो असतो तिथल्या सहा-सात लाख लोकांना, आणि संगणकाच्या गणितात हा आकडा फार लहान. मेरिलँडच्या उपनगरांतली 'गॅझेट' साप्ताहिकं २०१५ मध्ये बंद झाली. मेट्रोच्या दाराशी फुकट मिळणारा 'पोस्ट'चाच 'एक्स्प्रेस' सप्टेंबर २०१९ मध्ये संपला. शेवटच्या अंकाचा मथळा साधारण असा होता, की घ्या आता, बसा ते मेले फोन कुरवाळत! 'करंट' त्याच वर्षी गेला. 'सिटी पेपर'नं २०२२ मध्ये छापील अंक थांबवला. वुडवर्डना 'पोस्ट'नं पहिल्यांदा नाकारलं होतं, तेव्हा वर्षभर त्यांना शिकवलं ते 'माँटगोमेरी सेंटिनेल' या उपनगरी साप्ताहिकानं. १८५५ पासूनचं ते साप्ताहिक २०२० च्या जानेवारीत बंद पडलं. दुसरा वुडवर्ड आज आला तर त्याला त्या वर्षभरासाठी कोणत्या कचेरीचं दार ठोठावायचं, हा प्रश्नच आहे.

छापील पेपर गेले तशी काही काळ 'डीसीइस्ट' या संकेतस्थळानं ती जागा धरली. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच्या मालक असलेल्या रेडिओ केंद्रानं ते बंद केलं. तिथून बाहेर पडलेल्या काही जणांनी त्याच वर्षी वाचकांच्या वर्गणीवर 'द फिफ्टीफर्स्ट' सुरू केलं. अमेरिकेत राज्यं ५०, आणि आम्ही एक्कावन्नावं व्हावं, ही वॉशिंग्टनची जुनी मागणी त्यांनी नावातच गोवली आहे. थिओडोर नॉइजना हे नाव आवडलं असतं.

मार्टिन ल्यूथर किंग ग्रंथालयाच्या चौथ्या मजल्यावर शहराच्या इतिहासाचा विभाग आहे. आपल्या घराचा इतिहास शोधायला तिथे नेहमी कोणी ना कोणी येतं. 'स्टार' बंद होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी त्याच्या कात्रणांत त्या घराची गल्ली सापडते. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान कधी उघडलं, १९६८ च्या दंगलीत काय जळलं, ट्रॅमचे रूळ कधी उखडले, सगळं तारखेनिशी. 'डीसीइस्ट' बंद झालं त्या दिवशी मात्र त्याच्या जुन्या बातम्या उघडायला गेलेल्यांना दुसरंच पान दिसू लागलं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर बातम्या परत दिसू लागल्या. आणखी पन्नास वर्षांनी कोणी त्या विभागात येऊन आपल्या गल्लीत पन्नास वर्षांपूर्वी काय झालं म्हणून विचारेल. त्या वर्षी व्हाइट हाउसमध्ये काय झालं ते मिनिटामिनिटानं सापडेल. गल्लीचं सापडेल की नाही, ते आज त्या गल्लीच्या सभेत मागच्या खुर्चीवर कोणी वही घेऊन बसलं आहे का, यावर ठरायचं आहे.